ट्रॅक्टर शेडमध्ये सिंक बसवतोय : सांडपाण्याची लाइन कुठून काढू, आणि व्हेंट लागतो का?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातलं गाव आहे. घराला लागून ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि शेतीच्या सामानासाठी वीस बाय चौदाचं शेड बांधणं सुरू आहे. भिंती खिडकीच्या वर आल्या, टिनपत्रे अजून चढायचे आहेत. खालचा काँक्रीटचा बेड टाकलेला नाही, म्हणून आत्ताच विचारतो. एकदा बेड पडला की मग फोडाफोडी.

मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात एक मोठं, खोल सिंक हवं आहे. वावरातून आल्यावर हातपाय, चिखलाची अवजारं, ग्रीसचे हात, भाजीचे क्रेट, फवारणीचे पंप, सगळं तिथेच धुवायचं. घरातल्या मोरीत हे सगळं होतं तेव्हा आईला दिवसभर चिखल काढत बसावं लागतं. तिचं म्हणणं, वॉशिंग मशीनही तिथेच ठेवू.

आता अडचण. सिंकच्या जागेपासून शेडच्या पुढच्या बाजूला चेंबर होऊ शकेल तिथपर्यंत २२ फूट अंतर आहे. तिथून संडासाची सेप्टिक टाकी आणखी ३५ फूट. शेडच्या मागे, सिंकच्या भिंतीपासून ४५ फुटांवर विहीर. पिण्याचं पाणी तिचंच.

गावातले मिस्त्री म्हणतात, पाइप सरळ मागच्या भिंतीतून काढा आणि तिथेच शोषखड्डा करा, बात खतम. नागपूरचे भाऊजी म्हणतात सेप्टिक टाकीला जोडा, पण व्हेंट पाइप (लाइनला हवा मिळावी म्हणून वर उघडा सोडलेला पाइप) घेतल्याशिवाय जोडू नका. मिस्त्री म्हणतात व्हेंट शहरातल्या बिल्डिंगला लागतो, शेडला कशाला? दोघंही ठाम. मला समजून घेऊन करायचं आहे. ज्यांनी केलं आहे त्यांनी सांगा.

पुण्यात_अडकलेला

बेड टाकायच्या आधी प्लंबिंगचा विचार करणारा माणूस! तुमचा सत्कार व्हायला हवा. आमच्या सोसायटीत लोक टाइल्स बसल्यावर विचारतात, "पाणी कुठे जाईल?" वाचतोय.

मिस्त्री_हिंगणघाट

भाऊ, तुमचे मिस्त्री अर्धे बरोबर हायेत. सिंकचा पाइप भिंतीतून बाहेर काढला, अन तिथंच हातभर अंतरावर गल्ली ट्रॅपच्या, म्हंजे भिंतीबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपच्या, जाळीवर उघडा सोडला, तं व्हेंट लागत नाई. पाइपाचं तोंड उघडंच हाय ना, हवा तिथूनच भेटते. खेड्यात आमी शंभरातले नव्वद सिंक असेच करतो. वास येत नाई, गुडगुड होत नाई.

पन तुमचं २२ फूट बेडाखालून न्यायचं अन सेप्टिकले जोडायचं असन तं गोष्ट येगळी. मंग व्हेंट पायजेच.

ओळंबा

मिस्त्रींनी नेमकं सांगितलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण व्हेंट म्हणजे फक्त वास वर सोडायचा पाइप असा बऱ्याच जणांचा समज असतो.

सिंकखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे त्या वाकड्या भागात, कायम पाणी साचून राहतं. ते पाणी हेच झाकण. आपल्याकडे त्याची खोली किमान ५० मिमी धरतात. तेवढं पाणी जागेवर आहे तोवर टाकीतला वायू, झुरळं, डास आत येत नाहीत. व्हेंटचं पहिलं काम हे पाणी जागेवर राखायचं.

आता खोल सिंक बूच लावून काठोकाठ भरलं आणि बूच काढलं. पाणी पाइप पूर्ण भरून धावत सुटतं. पुढे धावणारं पाणी मागची हवा ओढतं. हवा मिळायला दुसरी वाट नसेल तर ते ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं, टाकीतून नळीने डिझेल काढतो तसं. शेवटी जो मोठा "गुडुक" आवाज येतो तो ट्रॅप रिकामा झाल्याचा. घरातल्या हात धुवायच्या बेसिनला हे क्वचित होतं, कारण तिथे पाणी थोडं थोडं जातं. तुमच्यासारख्या सिंकमध्ये बादल्याच्या बादल्या ओतल्या जाणार, त्यामुळे तिथे हे रोजचं.

अंतराचा हिशेब सोपा आहे. ५० मिमीच्या पाइपाला फुटाला पाव इंच ढाळ दिला तर साधारण ८ फुटांत पाइप स्वतःच्या व्यासाइतका खाली उतरतो. हवेची वाट त्याच्या आत मिळायला हवी. त्यापुढे व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीखाली जातं आणि पाइप भरला की हवेचा मार्ग तुटतो. म्हणून "जास्त ढाळ दे, पाणी पटकन जाईल" हे ट्रॅप आणि व्हेंटच्या मधल्या तुकड्यात उलटं पडतं. ढाळ दुप्पट केला की हे अंतर निम्मं होतं.

तुम्हाला २२ फूट जायचं आहे. उघड्या गल्ली ट्रॅपचा पर्याय नसेल तर व्हेंट घ्या.

धुऱ्यावरचा

ओळंबा काका, खूप आभार. म्हणजे व्हेंट २२ फुटांच्या शेवटी, चेंबरजवळ काढला तर उपयोग नाही, सिंकजवळच हवा?

ओळंबा

अगदी बरोबर. आणि तो काढायची पद्धत लक्षात ठेवा, नेहमी घोळ इथेच होतो. ट्रॅपमधून निघालेला पाइप सरळ जमिनीत उतरवायचा नाही. तो आडवाच भिंतीकडे न्यायचा, भिंतीला लागून एक टी (तीन तोंडांचा T आकाराचा जोड) उभी लावायची. टीच्या खालच्या तोंडातून पाणी बेडाखाली जातं, वरच्या तोंडातून व्हेंट वर चढतो. ट्रॅप ते टी हे अंतर मग जेमतेम फूटभर उरतं आणि पुढे २२ फूट असो की ४०, ट्रॅपला त्याचं काही वाटत नाही.

व्हेंट वर जाताना मध्ये आडवा वळवायचा झाला तर सिंकच्या काठाच्या किमान ६ इंच वर गेल्यावरच वळवा. त्याखाली वळवला तर लाइन तुंबल्यावर घाण पाणी व्हेंटमध्ये शिरतं, गाळ तिथेच बसतो आणि व्हेंट कायमचा बंद होतो. बाहेरून कोणाला पत्ताही लागत नाही.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातली, शेती स्वतः करते. व्हेंटचं चालू द्या, पण मूळ पोस्टमधल्या एका शब्दावर कोणीच थांबलं नाही. फवारणीचे पंप. भाऊ, ते या सिंकमध्ये धुवू नका. हात जोडून सांगते.

२०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येक जण दवाखान्यात पडून होते, काहींची नजर गेल्याची भीती होती. आमच्या ओळखीतल्या घरांनी ते दिवस पाहिले आहेत. त्यानंतर मास्क, हातमोजे यावर पुष्कळ बोलणं झालं. पंप धुतलेलं पाणी कुठे जातं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

तुमची विहीर सिंकपासून ४५ फुटांवर. ज्या सिंकमध्ये औषधाचा पंप धुतला, त्यातच संध्याकाळी मेथीचा क्रेट धुणार, आई हात धुणार. आणि ते पाणी शोषखड्ड्यातून खाली जाणार. सेप्टिक टाकीत गेलं तर टाकीतले जिवाणूही मरतात.

आम्ही असं करतो. फवारणी संपली की वावरातच पंपात थोडं पाणी घालून हलवायचं आणि ते त्याच पिकावर फवारून टाकायचं. असं तीनदा. औषधाच्या बाटलीचंही तेच, तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि रिकाम्या बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे कोणी तेल भरायला घरी नेत नाही. नोझलची जाळी धुवायला वावरात एक वेगळी बादली. फवारणीचे कपडेही घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, म्हणजे तुमच्या नव्या मशीनमध्येही नाही. पंप घरी येतो तो धुऊनच.

मिस्त्री_हिंगणघाट

ताईनं लाखाची गोष्ट सांगतली. +१.

धुऱ्यावरचा

पऱ्हाटी ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आणि सगळ्यांत महत्त्वाचा हाच निघाला. फवारणी पंप यादीतून बाद. वावरातल्या टाकीजवळ त्याची वेगळी सोय करतो. घरी बाबांनाही वाचून दाखवलं.

खारपाण

दर्यापूरकडचा आहे. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातली खारी, चिकण जमीन. शोषखड्डा खोदला की पहिल्या पावसात त्याची टाकी होते आणि दिवाळीपर्यंत बेडूक राहतात. सरकारी योजनेत खोदलेले कितीतरी खड्डे असे भरलेले पाहिले. तुमच्या आर्वीकडे जमीन कशी आहे? काळी भारी असेल तर मिस्त्रींचा शोषखड्डा विहीर नसती तरी चालला नसता.

झाडीपट्टी

आमच्या भंडारा-गोंदियाकडे उलटा त्रास. माती बरी आहे, पण धानाचा पट्टा, पावसाळ्यात पाणी हातभर खोलीवर. खड्ड्यात पाणी मुरणार कुठे? खालूनच वर येतं. बहिणीच्या घरी श्रावणात नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीच्या जमिनीतल्या जाळीच्या ट्रॅपमधून, पाणी उलटं आत आलं होतं.

धुऱ्यावरचा

वर तीन-साडेतीन फूट काळी माती, खाली पिवळट मुरूम लागतो. विहीर खोदताना तसंच लागलं होतं असं आजोबा सांगायचे.

ओळंबा

अंदाजावर जाऊ नका, जमिनीलाच विचारा. जिथे पाणी सोडायचं आहे तिथे हव्या त्या खोलीपर्यंत खड्डा घ्या, तळाला थोडी बारीक गिट्टी टाका, आदल्या दिवशी पाणी भरून जमीन भिजू द्या. दुसऱ्या दिवशी परत वीतभर पाणी भरा आणि पातळी २५ मिमी, म्हणजे इंचभर, उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालतो. अर्धा ते एक तास लागला तर एका खोल खड्ड्याऐवजी लांब उथळ चर बरा. तासाच्या वर गेली तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. ही चाचणी भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत न भिजवता केली तर फसाल, सगळं पाणी भेगांतून पळून जातं आणि जमीन चांगली वाटते.

दुसरं, अंतर. सेप्टिक टाकीच्या पाण्यासाठीचं जे भारतीय मानक आहे, आयएस २४७०, त्यात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट, लांब हवा असं आहे. सिंकचं पाणी संडासाइतकं घाण नसतं, पण साबण, ग्रीस, शेणामातीचे हात हे सगळं त्यात आहेच. विहिरीच्या बाबतीत मी हेच अंतर धरेन. मागच्या भिंतीपासूनच विहीर ४५ फुटांवर आहे, तर मागे शोषखड्डा नकोच. हा विषय माझ्या मते इथेच संपतो.

संत्र्याची_बाग

वरूडहून. आमच्या शेडमध्ये असंच सिंक आहे, बरीच वर्षं झाली. अनुभवाचे दोन शब्द.

दुकानदार बॉटल ट्रॅप देईल, चकचकीत दिसतो. मातीच्या कामाला तो घेऊ नका. गाळ तळाशी बसतो आणि आतली पोकळी अरुंद असल्याने आठवड्यात तुंबतो. तळाला उघडायचं झाकण असलेला साधा पी ट्रॅप घ्या. झाकण हाताने फिरवलं, खाली बादली धरली, गाळ बादलीत, परत लावलं. आणि तो पांढरा सुरळीचा लवचीक पाइप तर अजिबात नको. त्याच्या आतल्या प्रत्येक वळीत चिखल आणि साबण धरून बसतो.

सिंकखाली ट्रॅपजवळ हात घालायला जागा ठेवा. आमच्याकडे सुताराने सुंदर कपाट केलं आणि ट्रॅप त्याच्या मागे गेला. आता झाकण उघडायचं म्हणजे अर्धं कपाट बाहेर.

शेडच्या बाहेर, चेंबरच्या आधी गाळाची टाकी हवीच. दीड बाय दीड फुटाची विटांची, आत गुळगुळीत घोटलेली. पाणी बाहेर जाणारा पाइप तळापासून आठ-नऊ इंच वर. माती खाली बसते, वरचं पाणी पुढे जातं. आमच्याकडे संत्र्याच्या हंगामात क्रेट धुतात तेव्हा ती महिन्याला काढावी लागते. काढलेली माती झाडाला.

ट्रॅक्टरचं जळकं ऑइल मात्र थेंबभरही सिंकमध्ये जाऊ देऊ नका. ते पाण्यावर तरंगत सगळीकडे जातं. जुन्या कॅनमध्ये साठवा. ग्रीसचे हात आधी लाकडाच्या भुशाने किंवा चिंधीने पुसा, मग साबण.

पुण्यात_अडकलेला

माझं सिंक स्वयंपाकघरातलं, तरी उघडून पाहिलं. सुरळीचा पाइप! आत काय होतं ते जेवायच्या वेळी लिहीत नाही. आज बदलून घेतोय.

खारपाण

पाइपाचं शेवटचं तोंड वावरात उघडं सोडणार असाल तर जाळी लावा. ओलाव्याला बेडूक येतात, बेडकामागे साप येतात. आमच्या शेजाऱ्यांच्या मोरीत धामण निघाली होती, अख्खी गल्ली गोळा झाली.

झाडीपट्टी

धामण निघाली तर नशीबवान. उंदीर खाऊन जाते, भाडंही मागत नाही. :)

मिस्त्री_हिंगणघाट

ट्रॅपमंदी पानी असलं तं साप सिंकपर्यंत येत नाई, पन पाइपात उंदीर घर करते. जाळी पायजेच. अन व्हेंटच्या वरच्या तोंडाले बी जाळी पायजे. आरोग्यवाले गावात येऊन सांगतेत ना, संडासाच्या पाइपाले जाळी बांधा, मच्छर होतेत म्हनून? तेच. तिथं काउल, म्हंजे पाइपाची टोपी, बसवा, अन त्याच्या आतून बारीक जाळी.

आनखी एक. आपल्याकडं कुंभारीन माशी लय. पाइपाचं तोंड उघडं दिसलं का मातीचं घर बांधते. एका घरी टाकीचा व्हेंट बंद, बाईले वाटे टाकी भरली. वर चढून पाह्यलं तं तोंडात मुठीएवढा मातीचा गोया. काडीनं फोडला, काम झालं. वर्षातून एकडाव पाहून घ्या.

विदर्भकन्या_ठाणे

माहेर आर्वीजवळच, म्हणून धागा आवर्जून वाचला. वॉशिंग मशीनबद्दल. सेमी ऑटोमॅटिक की फुल्ली? फरक पडतो. बहुतेक सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी बाहेर फेकायचा पंप नसतो, नळी जमिनीवर टाकली की पाणी उतारानं जातं. तिला उंच उभा पाइप दिला तर पाणी मशीनमध्येच राहील. तिला जमिनीतला नहाणी ट्रॅप हवा. फुल्ली ऑटोमॅटिक पंपाची असेल तर ती जोरात पाणी फेकते, तिला दोन-अडीच फूट उंचीचा, खाली ट्रॅप असलेला उभा पाइप लागतो आणि नळी त्यात घट्ट कोंबायची नसते, बाजूने हवा जायला जागा लागते. कुठल्याही मशीनचं एका वेळचं पाणी सिंकपेक्षा जास्त, तेव्हा लाइनही त्या हिशेबाने.

धुऱ्यावरचा

सेमी ऑटोमॅटिक आहे, ताई. बरं झालं विचारलंत, मी उभ्या पाइपाची जागा भिंतीत सोडणार होतो.

ओळंबा

मग मशीनसाठी सिंकच्या बाजूलाच नहाणी ट्रॅप घ्या. सिंकची ५० मिमीची आणि नहाणी ट्रॅपची अशा दोन्ही लाइन बेडाखाली ७५ मिमीच्या पाइपात वाय (Y आकाराचा तिरका जोड) टाकून आणा. सरळ काटकोनी टी आडव्या लाइनमध्ये वापरू नका, गाळ समोरच्या भिंतीवर आपटून तिथेच साचतो. जिथे वळण येईल तिथे डोअर बेंड, सुरुवातीच्या टोकाला डोअर टी (उघडायचं झाकण असलेले जोड), म्हणजे तुंबलं तर पट्टी घालायला वाट राहते. डोअरचं झाकण बेडात गाडू नका.

नहाणी ट्रॅपचं एक दुखणं आहे. आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात, पारा ४५ च्या घरात गेल्यावर, वापर नसलेल्या ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. शेडवर टिन असल्याने आणखी लवकर. गावाला जाताना त्यात तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खायचं तेल ओता, तेलाच्या थरामुळे पाणी टिकतं. पाइप सेप्टिकला जोडलेला असेल तर हे विसरून चालणार नाही.

मिस्त्री_हिंगणघाट

काकाजी, सेप्टिकले जोडूच नये असं माह्यं मत. मशीनचं साबनाचं पानी, क्रेटची माती, सगळं टाकीत. टाकी घरच्या मानसाइच्या हिशेबानं बांधली असते. एवढं पानी आलं का मैला मुरायच्या आधीच पुढं ढकलल्या जाते.

ओळंबा

पूर्ण सहमत. मी फक्त जोडल्यास काय करावं ते सांगत होतो. धुऱ्यावरचा, शेडच्या पुढच्या बाजूला, विहिरीच्या उलट दिशेला काय आहे?

धुऱ्यावरचा

समोर अंगण, त्याला लागून परसबाग. चार लिंबं, शेवगा, थोडी केळी. जमिनीचा उतारही तिकडेच. विहिरीपासून टेपने मोजलं, केळीपर्यंत ८५ फूट भरतात.

ओळंबा

मग उत्तर तुमच्या अंगणातच आहे. सिंक आणि मशीनचं पाणी पुढे काढा, गाळाची टाकी, मग चेंबर, आणि तिथून केळीच्या वाफ्यात उथळ चर. चरात खाली दगडगोटे, वर गिट्टी. कडेने कर्दळ लावा, ती असं पाणी भरपूर पिते. पाणी एकाच केळीला रोज न देता चराला दोन फाटे काढून आलटून पालटून सोडा, साबणाने माती घट्ट होत नाही. पालेभाजीला हे पाणी नको.

पऱ्हाटी

आमच्याकडे असाच केळीचा वाफा आहे. कपडे धुवायची पावडर कमी वापरली की झाडं चांगली राहतात. खूप खारट पावडरचं पाणी सतत गेलं की पानांच्या कडा करपतात.

पुण्यात_अडकलेला

एक शंका. आता पाइप सेप्टिकला नाही, वाफ्यात उघडा सुटतोय. मग मिस्त्रींच्या पहिल्या नियमाने व्हेंटची गरज संपली ना?

मिस्त्री_हिंगणघाट

चांगला प्रश्न हाय. माह्या नियमात हातभर अंतर होतं. इथं २२ फूट पाइप बेडाखाली हाय अन मधात नहाणी ट्रॅप जोडला हाय. सिंक भरून सोडलं का ते पानी खालून धावतानी नहाणीचं पानी ओढन. मंग गाळाच्या टाकीचा कुबट वास शेडमंदी. व्हेंट राहू द्या. एक ५० चा पाइप अन एक काउल, खर्च तो केवढा.

ओळंबा

मिस्त्रींशी सहमत. भिंत उघडी असताना व्हेंट टाकायला काही लागत नाही, नंतर फार लागतं.

संत्र्याची_बाग

व्हेंट टिनातून वर काढू नका. भोकाभोवती कितीही डांबर लावा, दुसऱ्या पावसाळ्यात गळतंच. उन्हात टिन आणि पाइप दोन्ही हलतात. बाजारात एकाच दिशेने हवा आत घेणारा व्हॉल्व्हही मिळतो, तो सिंकखालीच बसतो आणि पाइप बाहेर काढावा लागत नाही. कोणी वापरलाय का?

ओळंबा

वापरलेला पाहिला आहे. आत रबराची चकती असते, ओढ लागली की उचलते, एरवी बंद. शेडमधल्या धुळीत आणि उष्णतेत ती चकती चिकटली तर तुमच्या लक्षात येणार नाही. शिवाय तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. बाहेर जायला वाट असताना मी उघडा व्हेंटच घेईन.

भिंतीतून बाहेर काढून पत्र्याच्या कडेपासून थोडा लांब ठेवून वर न्या, पत्र्याच्या दोन फूट वर संपवा. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत असेल तर उत्तम. पश्चिमेला असेल तर पांढरा रंग द्या, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो. क्लॅम्प अगदी आवळू नका. ६ मीटरचा पीव्हीसी पाइप तापमानात ३० अंशांचा फरक पडला की १२ मिमीच्या आसपास लांबतो. तेवढी हालचाल त्याला करू द्या, नाहीतर कमान होते.

मिस्त्री_हिंगणघाट

अन पाइप एसडब्ल्यूआरचा, म्हंजे सांडपान्यासाठी येते तो पीव्हीसी, घ्या. लोक घरी पडलेला शेतीचा पाइप लावतेत. त्याले डोअरचे, वायचे फिटिंग नीट बसत नाई, मंग गरम करून फुगवतेत. तिथंच गयते. त्यात दोन टाइप येतेत, ए अन बी. जाड तो टाइप बी, तो पान्याच्या लाइनले बेडाखाली. व्हेंटले पातय टाइप ए चालते.

धुऱ्यावरचा

काळ्या मातीचं काय करू? शेडखाली अडीच फूट खोदून मुरूम भरला आहे, पण बाहेर अंगणात काळीच आहे.

ओळंबा

बाहेरचा चर फूटभर जास्त खोल घ्या, काळी माती काढून मुरूम ठोका, त्यावर वाळूचा थर, पाइप, परत वाळू. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाइप थेट तिच्यात ठेवला तर ढाळ वर्षा-दोन वर्षांत उलटासुलटा होतो. जोड रबर रिंगचे ठेवा. आणि प्लिंथ बीममधून (पायावरच्या काँक्रीटच्या पट्टीतून) पाइप जातो तिथे ११० मिमीच्या पाइपाचा तुकडा आधीच बसवा, त्यातून ७५ चा काढा. बीम आणि जमीन वेगवेगळी हलली तरी पाइप कापला जात नाही. मधली फट चिंधीने आणि मऊ सीलंटने बुजवा, सिमेंटने नाही.

धुऱ्यावरचा

मग असं ठरवतो, बघून घ्या. खोल स्टीलचं सिंक, झाकणाचा पी ट्रॅप, आडवं भिंतीला, तिथे टी, वर ५० चा व्हेंट पूर्वेच्या भिंतीने. मशीनला नहाणी ट्रॅप. दोन्ही वायने ७५ मध्ये. २२ फुटांना फुटाला पाव इंच, म्हणजे एकूण साडेपाच इंच ढाळ. बाहेर गाळाची टाकी, चेंबर, केळीचा चर. मागे विहिरीकडे काहीही नाही. सेप्टिक वेगळीच. फवारणीचं सगळं वावरात.

विदर्भकन्या_ठाणे

सिंकची उंची आईला उभं करून ठरवा. खोल सिंक नेहमीच्या ओट्याच्या उंचीवर बसवलं की तळाशी हात घालताना कंबर मोडते.

ओळंबा

आराखडा चांगला आहे. एकच, साडेपाच इंच हा पाइपाच्या तळापासून तळापर्यंतचा हिशेब. गाळाच्या टाकीत येणारं तोंड बाहेर जाणाऱ्या तोंडापेक्षा दोन इंच वर ठेवा, नाहीतर टाकी भरल्यावर लाइनमध्ये पाणी उभं राहील. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा, नजरेने नको.

मिस्त्री_हिंगणघाट

बेड टाकाच्या आधी बाहेरच्या टोकाले एंड कॅप लावा, नहाणीचं तोंड बंद करा, अन सिंकच्या टीपर्यंत पानी भरा. भिंतीवर पातयीची पेन्सिलनं खूण करा, रातभर ठेवा. सकायी खूण हालली नसली तं मंग पाइपाभवती वाळू भरा. गिट्टी सरळ पाइपावर टाकू देऊ नका, अन बेड टाकतानी पानी पाइपात भरूनच ठेवा. मजुराचं पावडं लागून जोड सुटला तं पातयी खाली जाते, तवाच समजते.

धुऱ्यावरचा

दादा, आर्वीला यायला जमेल का? आमच्या मिस्त्रींनाही हे सगळं तुमच्याकडून ऐकायला आवडेल, ते कालपासून हा धागा माझ्या फोनवर वाचत आहेत.

मिस्त्री_हिंगणघाट

सोयाबीन निघू द्या, मंग येतो. तवरोक व्यक्तिगत निरोपात चराच्या जागेचे फोटो पाठवा.